जड पट्टी म्हणजे चांगली पट्टी? स्टेज पियानो घेण्याआधी

बरेच दिवस तुमच्याकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय : "स्टेज पियानो घ्यायचाय, कुठल्याचा कीबेड भारी?" आज त्यावरच बोलूया. पण आधी एक कबुली.

माझी मावसबहीण पियानोच्या ग्रेड परीक्षेची तयारी करत होती. घरात "कॉम्प्युटरवाला" मीच, म्हणून निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी एक्सेल शीट केली : सेन्सर किती, एस्केपमेंट आहे का, वजन, किंमत. एक मॉडेल ठरवलं. तिला पट्ट्या जड वाटल्या, तर मेन्यूत जाऊन टच "लाइट" करून दिला. सगळे खूश. वर्षभर तिने त्यावर रियाज केला. परीक्षेला समोर आला तारांचा, खरा पियानो. अगदी हळुवार वाजवायच्या जागी तिचे काही स्वर उमटलेच नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "दादा, माझी बोटं चुकली का रे?"

बोटं नव्हती चुकली. माझी सेटिंग चुकली होती.

कसं ते बघा. आपल्यातले बरेच जण पेटीवरून किंवा साध्या कीबोर्डवरून पियानोकडे येतात. पेटीत पट्टी फक्त हवेची वाट उघडते, आवाज लहान-मोठा करतो तो भाता. पियानोत तसं नाही. तिथे पट्टीच्या मागच्या बाजूला हातोडी असते. तुम्ही दाबता तशी ती उडते, तारेवर आपटते आणि मागे येते. तारेला लागायच्या जरासं आधी पट्टीचा आणि हातोडीचा संबंध सुटतो, त्याला म्हणतात एस्केपमेंट. म्हणजे शेवटचा टप्पा हातोडी स्वतःच्या वेगावर पार करते. वेग कमी पडला तर ती तारेपर्यंत पोचतच नाही. पट्टी खाली गेली, पण आवाज नाही!

डिजिटल पियानोत तार नाहीच. हातोडीच्या जागी एक वजन असतं, तुमच्या बोटाला विरोध वाटावा म्हणून. आवाज ठरवतात सेन्सर. एका सेन्सरपासून दुसऱ्यापर्यंत जायला किती वेळ लागला, त्यावरून १ ते १२७ मधला एक आकडा निघतो आणि त्या आकड्याप्रमाणे आवाज वाजतो. टच सेटिंग बदलली की फक्त हा हिशोब बदलतो. पट्टीचं वजन एका ग्रॅमनेही बदलत नाही. मी "लाइट" केल्यावर बहिणीच्या अर्धवट दाबलेल्या स्वरालाही मशीन मोठा आकडा देत राहिलं. चूक तिला ऐकूच आली नाही, मग सुधारणार कशी?

आता बाजारातल्या नावांकडे येऊ. पहिली गोष्ट : किंमत वाढली म्हणजे कीबेड बदलला असं नाही. रोलँडच्या एफपी-१०, एफपी-३०एक्स आणि आरडी-८८ या तिन्हींत पीएचए-४ स्टँडर्ड हाच कीबेड आहे. जास्तीचे पैसे आवाज, स्पीकर, कनेक्शन, स्टेजवरच्या सोयी यांचे. कीबेड बदलतो तो आरडी-२००० मध्ये : लाकूड आणि प्लास्टिक मिळून केलेला पीएचए-५०.

दुसरी गोष्ट : एकाच घरातली भावंडंही वेगळी असतात. यामाहाच्या सीपी-८८ मध्ये पांढऱ्या पट्ट्या लाकडी आहेत आणि खर्जाकडे जड, तार सप्तकाकडे हलक्या होत जातात, खऱ्या पियानोसारख्या. सीपी-७३ मध्ये सगळीकडे वजन सारखं. डाव्या हाताने ऑर्गन आणि उजव्या हाताने सिंथ वाजवणाऱ्याला तेच सोयीचं पडतं. आणि एकाचं वजन १८.६ किलो, दुसऱ्याचं १३.१. हा फरक जिना चढताना नीट कळतो. कावाईचा एमपी-११एसई तर तिसाच्या वर जातो, पण त्यात सगळ्या ८८ पट्ट्या लाकडी आणि लांब आहेत.

लांब असल्याने काय होतं? हा मुद्दा माझ्या एक्सेलमध्ये नव्हताच. पट्टी म्हणजे तरफ, सी-सॉ. समजा, टेकू पट्टीच्या पुढच्या कडेपासून १८ सेंटिमीटरवर आहे आणि कडेवर दाबायला ५० ग्रॅम लागतात. आता ११ सेंटिमीटर आत, काळ्या पट्ट्यांच्या मध्ये दाबा. टेकूपासून अंतर उरलं ७. गणित करा, जवळजवळ १२९ ग्रॅम! तोच टेकू २४ सेंटिमीटरवर असेल तर साधारण ९२. म्हणून आखूड पट्ट्यांच्या पियानोवर काळ्या पट्ट्यांचे कॉर्ड्स वाजवताना मनगट भरून येतं, आणि आपल्याला वाटतं आपलाच हात कच्चा.

मग दुकानात काय करायचं? तीन गोष्टी.

एक, आवाज पूर्ण बंद करा. चांगला आवाज कानाला फसवतो आणि पट्टीही छान वाटायला लागते. मधल्या सा जवळच्या पांढऱ्या पट्टीच्या कडेवर दहा रुपयांची नाणी एकावर एक ठेवत जा. एक नाणं ७.७१ ग्रॅमचं. ग्रँड पियानोत ५० ग्रॅमच्या आसपास पट्टी खाली जाते, म्हणजे सहा-सात नाणी. मग तीन नाणी ठेवून पट्टी दाबा आणि सोडा, नाण्यांसकट ती वर यायला हवी. मात्र हे झालं संथ वजन. भरभर वाजवताना हातोडीचं जडत्व वेगळं जाणवतं, त्यासाठी जोरात आणि जलद वाजवूनच बघा.

दोन, आत दाबा. काळ्या पट्ट्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एकच कॉर्ड दोन मिनिटं वाजवा. मनगट काय सांगतं ते ऐका.

तीन, आता आवाज सुरू करा, टच "मीडियम"वर ठेवा. एकच पट्टी पूर्ण वर येऊ न देता पटपट वाजवा. तीन सेन्सरवाल्यात स्वर सहसा तुटत नाहीत, दोनवाल्यात गळू शकतात. मग जितकं हळू जमेल तितकं वाजवा. अतिहळू दाबल्यावर स्वर गप्प झाला तर नाराज होऊ नका. तो पियानो तुम्हाला खरं सांगतोय.

आणि जड म्हणजे चांगलं, हे डोक्यातून काढा. तुम्हाला पुढे तारांच्या पियानोवर बसायचं असेल तर त्याच्या जवळ जाणारा कीबेड हवा, त्याहून जड नको. बँडमध्ये रोज उचलून न्यायचा असेल तर हलका घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

बहिणीचा पियानो आम्ही बदलला नाही. टच "मीडियम" केला आणि महिन्यातून दोनदा बाईंकडच्या खऱ्या पियानोवर बसायची परवानगी मागितली. परवा तिने हळुवार वाजवलेला शेवटचा स्वर खोलीच्या दुसऱ्या टोकाला मला नीट ऐकू आला.

तुम्ही दुकानात गेलात की खिशात दहाची सात नाणी ठेवा. दुकानदार हसेल, हसू दे. भेटू पुढच्या भागात!