झहीर खान कुणाचा? श्रीरामपूरचा की बडोद्याचा?

आजचा विषय आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमधून आलाय. टीममध्ये एक बडोद्याचा मित्र आहे. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतो, बडोद्याचाच तो, त्यामुळे त्यात नवल काही नाही. परवा चहा पिताना तो सहज बोलून गेला, "बॅट्समन तुमचे, बॉलर आमचे." झालं! महाराष्ट्र विरुद्ध गुजरात, सगळ्यात भारी क्रिकेटर कुणी दिले, यावर आमचा चहा गार होईपर्यंत वाद.

तसे आपण जुळे भाऊ. १ मे १९६० ला एकाच दिवशी दोन्ही राज्यं झाली. आणि क्रिकेटमध्ये गंमत बघा, दोघांच्याही रणजीत तीन-तीन टीम. आपल्याकडे मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. त्यांच्याकडे गुजरात, सौराष्ट्र, बडोदा. म्हणजे सामना अगदी बरोबरीचा.

बॅटिंगवर मी जास्त वेळ घालवणार नाही. गावसकर आणि तेंडुलकर ही दोन नावं घेतली की विषय संपतो. तरी मित्र म्हणालाच, "गावसकरनं टेस्टमधली दहा हजारावी धाव कुठे काढली? अहमदाबादला!" खरंय, १९८७ साली, पाकिस्तानविरुद्ध. पण अरे, पीच तुमचं असलं म्हणून धाव तुमची होत नाही.

मग मी त्याला माझं आवडतं प्रकरण ऐकवलं. १९४८, डिसेंबर महिना, पुणे. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. म्हणजे आजच्या हिशेबानं बघाल तर महाराष्ट्र विरुद्ध गुजरातच. आपले भाऊसाहेब निंबाळकर, मूळचे कोल्हापूरचे, नाबाद ४४३ वर खेळतायत. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम हाताच्या अंतरावर. आणि काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकोरसाहेब, त्यांनी काय केलं? मॅच सोडून दिली! टीम मैदानात उतरलीच नाही. फर्स्ट क्लासमध्ये चारशेच्या वर गेलेला आजपर्यंतचा तो एकटा भारतीय, आणि त्याला एकही टेस्ट खेळायला मिळाली नाही. हे सांगितल्यावर मित्र जरा गप्प झाला. मग म्हणाला, "सॉरी, पंचाहत्तर वर्षांनी." माफ केलं.

पण बॉलिंगवर आलो आणि माझी गोची सुरू झाली. त्यानं पहिलं नाव काढलं विनू मंकड. जामनगरचा माणूस. भारतानं पहिली टेस्ट जिंकली ती १९५२ साली मद्रासला, इंग्लंडविरुद्ध. त्या मॅचमध्ये मंकडच्या १२ विकेट. मी म्हटलं, कॅप्टन कोण होता? विजय हजारे, आमच्या सांगलीचे! तर तो म्हणतो, "आणि हजारे रणजी सगळ्यात जास्त कुणाकडून खेळले? बडोद्याकडून." पुढे बुमराह. टेस्टमध्ये दोनशे विकेट आणि सरासरी विसाच्या आत, असं जगात आधी कुणाला जमलं नव्हतं. मी एक प्रयत्न करून बघितला. म्हटलं, बुमराहला जगासमोर आणला मुंबई इंडियन्सनं, २०१३ ला. पण तो डाव माझ्यावरच उलटला, कारण त्याच्या आधी त्याला गुजरातनं टी-ट्वेंटीत खेळवलं होतं, आणि पहिलीच मॅच कुणाविरुद्ध? महाराष्ट्राविरुद्ध! पुढे जाडेजा, पुढे अक्षर.

आणि मग तो म्हणाला, "आणि झहीर."

मंडळी, मी नगरचा. आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय. आमच्याकडे पोराला डावखुरी बॉलिंग जमली की पहिलं काय म्हणतात? "झहीर झालाय का?" श्रीरामपूरचा झहीर खान. आमच्याच जिल्ह्यात जन्मला, तिथल्याच शाळेत शिकला. इंजिनिअरिंगचा रस्ता सोडून फास्ट बॉलर झाला (मी इंजिनिअरिंग केलं, त्यामुळे कुणाचा निर्णय बरोबर होता हे विचारू नका). ९२ टेस्ट, ३११ विकेट. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट, आफ्रिदीच्या बरोबरीनं सगळ्यात जास्त. वानखेडेवरच्या फायनलचा तो पहिला स्पेल आठवतोय? ५ ओव्हर, ३ मेडन, ६ रन, १ विकेट. आणि हा माणूस गुजरातच्या यादीत? मी चिडलोच.

रात्री घरी येऊन सगळं नीट वाचून काढलं, मित्राला खोटं पाडायचं म्हणून. आणि आज तुमच्यासमोर कबूल करतो, मला ते जमलं नाही.

झहीर सतराएक वर्षांचा असताना श्रीरामपूरहून मुंबईला गेला. क्लब क्रिकेट खेळला. तिथून चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशन. त्या काळात मुंबईकडे आगरकर, पारस म्हांब्रे असे बॉलर होते, रांग मोठी होती. त्याला रणजीची टोपी दिली बडोद्यानं. २०००-०१ ची फायनल, रेल्वेविरुद्ध, शेवटच्या डावात झहीरनं पाच काढल्या आणि बडोदा २१ रननं चॅम्पियन. मुंबईकडून तो खेळायला लागला २००६-०७ च्या सीझनमध्ये. पहिलीच मॅच थेट रणजी फायनल, बंगालविरुद्ध नऊ विकेट. पण तोपर्यंत तो भारताकडून सहा वर्षं खेळून झाला होता. तयार झालेला माणूस मुंबईनं घेतला, एवढंच.

बरं, नगर जिल्हा क्रिकेटमध्ये मुंबईत येतच नाही. येतो पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशनमध्ये. आणि झहीर महाराष्ट्राकडून एकही रणजी मॅच खेळलेला नाही. एकही!

मग मी म्हटलं, अजिंक्य रहाणे तरी आपला. संगमनेर तालुक्यातलं आश्वी खुर्द, जन्म तिथला. ३६ ऑलआउटनंतर मेलबर्नला कॅप्टन म्हणून ११२ काढणारा माणूस. त्याच इनिंगमध्ये त्याची आणि जाडेजाची १२१ ची पार्टनरशिप झाली. नगर आणि जामनगर! जाडेजा ४९ वर होता, त्याच्या पन्नासाव्या रनसाठी पळताना रहाणे रनआउट झाला, आणि जाताना उलट त्यानंच जाडेजाची पाठ थोपटली. मला ती सेंच्युरीपेक्षा जास्त आवडते. पण हिशेब करायला बसलात तर? वाढला डोंबिवलीत, रणजी खेळतो मुंबईकडून. महाराष्ट्राच्या टीमकडून तोही कधी खेळला नाही.

म्हणजे नगरनं देशाला दिलेली ही दोन मोठी नावं. एक बडोद्याला घडला, एक डोंबिवलीला. आपल्या वाट्याला जन्माचा दाखला.

मला हे टोचलं, खोटं कशाला बोलू. मी स्वतः दहावीपर्यंत टेनिस बॉलनं फास्ट टाकायचो. सीझन बॉल पहिल्यांदा हातात आला तो कॉलेजला, तोवर ॲक्शन पार बिघडलेली. मी काही झहीर होणार नव्हतो, ते सोडा. पण आमच्या ग्रुपमध्ये एक होता, माझ्यापेक्षा कितीतरी फास्ट. त्याला रोज पुण्याला कोण नेणार? तीन-साडेतीन तास जायला, तेवढेच यायला. आज तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे, मजेत आहे. रविवारी अजून टाकतो, अजून कुणाला खेळता येत नाही.

म्हणून माझा निकाल असा आहे, आणि गावाकडची पोरं मला शिव्या घालणार हे माहीत असून देतोय. "घडवला" म्हणजे पाळणा कुठे हलला ते नाही. पोराचं नाव कुणाला माहीत नव्हतं तेव्हा त्याच्या हातात नवा बॉल कुणी दिला, ते बघायचं. या नियमानं झहीर बडोद्याचा. आणि बडोद्याला ही सवय जुनीच आहे. सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. तिथला मुलगा दत्तक घेतला आणि राजा केला. आजही बघा, राधा यादव मुंबईत कांदिवलीत वाढली, खेळते बडोद्याकडून, आणि २०२५ ला नवी मुंबईत भारतानं वर्ल्ड कप जिंकला तेव्हा टीममध्ये होती.

तर फायनल स्कोअर. बॅटिंग महाराष्ट्र, आणि त्यात वादच नाही. स्मृती मानधना सांगलीत वाढली, हे मी अजून काढलंसुद्धा नव्हतं. बॉलिंग गुजरात, आता झहीर धरून. एकच माणूस निवडायचा असेल तर मी तेंडुलकर म्हणेन, मित्र बुमराह म्हणेल, आणि दोघंही हटणार नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी त्याला सांगितलं, "घे, झहीर तुझा." मला वाटलं नाचेल. तो कप खाली ठेवून म्हणाला, "पण २०११ ची फायनल बघताना तुझ्या गावात फटाके फोडले असतील ना? आमच्या गल्लीत धोनीसाठी फोडले होते." फोडले होते की. झहीरच्या पहिल्या विकेटलाच अर्धी माळ संपली होती, धोनीच्या सिक्सला उरलेली अर्धी पुरवून पुरवून वाजवली.

चला, आज इथंच थांबतो. पुढच्या भागात बडोद्याच्या मित्रालाच माइकसमोर बसवतोय, निंबाळकरांच्या मॅचवर त्याला अजून एकदा सॉरी म्हणायला लावायचंय. तोपर्यंत राम राम!