एक बाळ, दोन क्रमांक

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू कॉम्प्युटरवर नक्की काय करतेस, ते दहा मिनिटांत सगळ्यांना कळेल असं सांग," असं संयोजकांनी मला बजावलंय. म्हणून कामातली एकच गोष्ट सांगते: क्रमांक देण्याची.

आपल्या वर्गात तीन वैशाली होत्या, आठवतं? बाई हजेरी क्रमांकावर भागवायच्या. पण तो दरवर्षी बदलायचा. बदलत नसे तो जनरल रजिस्टरचा नंबर. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच आहे. एकाला दिलेला नंबर दुसऱ्याला जात नसे, कारण रजिस्टर एकच आणि ते लिहिणारे क्लार्कही एकच.

आता समजा, असं एक रजिस्टरच नाही. शंभर गावांत शंभर फोन आहेत, रेंज नाही, आणि प्रत्येक फोनने कुणाला न विचारता नवा क्रमांक द्यायचा आहे. तरी दोन क्रमांक सारखे येता कामा नयेत. यासाठी आम्ही यूयूआयडी वापरतो. तो १२८ बिटांचा असतो. लिहिताना त्याची ३२ चिन्हं होतात, शून्य ते नऊ आणि ए ते एफ, आठ-चार-चार-चार-बारा अशा पाच गटांत. त्याच्या चौथ्या प्रकारात १२२ बिटं चिठ्ठी उचलावी तशी येतात. चिठ्ठ्या किती? ५ वर ३६ शून्यं, त्याहूनही जास्त. चिठ्ठ्या नीट पिसलेल्या असतील, तर दोघांच्या हाती एकच येण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

मीही बाळगली नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही बाळांच्या लसीकरणाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करत होतो. सिस्टरांकडे अँड्रॉइड फोन, सर्व्हर विंडोजवर. एके दिवशी एका सिस्टरांचा फोन आला. "मॅडम, या बाळाला दीड महिन्याचा डोस मी स्वतः दिलाय. कार्डावर माझी सही आहे. तुमचं मशीन म्हणतंय, दिलाच नाही. मी कार्ड बघितलं म्हणून बरं, नाहीतर परत टोचलं असतं."

मी हादरले. दोन्ही बाजूंचा कोड मीच तपासून पास केला होता.

शोधताना एक खूण सापडली. चौथ्या प्रकारात तिसऱ्या गटाचं पहिलं चिन्ह नेहमी ४ असतं. सर्व्हरवरच्या बाळाच्या नोंदीत ते ४ तिथे नव्हतं, त्याच गटात तिसऱ्या जागी जाऊन बसलं होतं. मग उलगडा झाला. बाळाची नोंद जागा वाचवायला १६ बाइटांच्या रूपात जायची, डोसची नोंद अक्षरी मजकूर म्हणून. विंडोजची पद्धत पहिले तीन गट उलट्या क्रमाच्या बाइटांत ठेवते. फोनने १२३४५६७८ पाठवलं की सर्व्हर ७८५६३४१२ वाचायचा. शेवटचे दोन गट मात्र जसेच्या तसे. म्हणजे बाळ एका क्रमांकावर आणि त्याचा डोस दुसऱ्याच क्रमांकावर. आमच्या चाचणीत हे दिसलं नाही, कारण फोनवरून गेलेले बाइट तसेच फोनवर परत आले की बरोबरच दिसत.

या उलट-सुलट क्रमांना आमच्यात बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन म्हणतात. ही नावं गलिव्हरच्या गोष्टीतली आहेत. लिलिपुटमध्ये अंडं कुठल्या टोकाकडून फोडावं यावरून भांडण होतं ना, तेच. १९८० मध्ये डॅनी कोहेन यांनी ती बाइटांना लावली. दोन्ही पद्धती चालतात. घोटाळा होतो तो कोणती वापरायची हे आधी न ठरवल्यामुळे, आणि ते ठरवणं माझं काम होतं.

नशीब एवढंच की अंक हरवले नव्हते, उलटले होते. आम्ही दोन रात्री जागून नोंदी सुलट केल्या आणि प्रत्येक डोस ज्याच्या त्याच्या बाळापाशी लावला. तेव्हापासून माझा नियम आहे: क्रमांक यंत्राबाहेर पडताना अक्षरांतच पाठवायचा, आणि पहिल्याच दिवशी एक ठरलेला क्रमांक दोन्ही यंत्रांकडून वाचून घेऊन शेजारी शेजारी ठेवून बघायचा. पाच मिनिटं लागतात. त्या सिस्टरांना मी फोन करून चूक माझी होती हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू द्या, पण मी कार्ड लिहिणं सोडणार नाही." मीही त्यांना सोडू नका म्हटलं.

परवा घरी दाखला काढून माझा रजिस्टर नंबर पाहिला. काल तो ऑफिसात सांगितला, तर क्लार्कनी जुनं रजिस्टर काढून दोन मिनिटांत माझ्या नावावर बोट ठेवलं. शाईने लिहिलेलं, बाबांच्या नावासकट, एकच. माझ्या कामात मला एवढंच साधायचं असतं.