मुंबई एकट्याने पाहावी

नांदगाव खंडेश्वरचा माणूस मुंबईला जातो तो बहुधा कामानेच. परळच्या टाटा रुग्णालयात, मंत्रालयात, मुलाखतीला, नाहीतर सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर. आणि जातो तोही चार माणसं सोबत घेऊन. काम आटोपलं की गेटवे, राणीची बाग आणि चौपाटी एका दिवसात उरकायची आणि परतीची गाडी धरायची. माझं म्हणणं असं आहे की, ज्याला चार दिवसांची सवड काढता येते त्याने एकदा तरी मुंबई एकट्याने पाहावी. इतकं मोठं, गर्दीचं शहर एकट्याने कसं पाहायचं, ही भीती मी समजू शकतो. पण हे शहर एकट्या आलेल्या माणसांच्या गरजांतूनच घडलं आहे, ही गोष्ट ती भीती बाळगताना आपण विसरतो.

मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली ती १८५४ साली. पुढची शंभर वर्षं कोकणातून, घाटावरून माणसं गिरण्यांत आली ती बायकामुलं गावी ठेवून. त्यामुळे जनगणनेत मुंबईत बायकांपेक्षा पुरुष कितीतरी जास्त भरत. एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणाऱ्या या माणसांना जेवू कोण घालणार? त्यातून गिरणगावातल्या खाणावळी उभ्या राहिल्या. त्या चालवणाऱ्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. घरचा डबा कचेरीत पोचवणारे डबेवाले त्याच्याही आधीचे, १८९० च्या सुमाराचे. इराण्याच्या हॉटेलात अनोळखी माणसासमोर बसून चहा प्यायला कुणाला संकोच वाटत नाही. लोकलच्या फलाटावरचा इंडिकेटर गाडी कुठली, किती वाजता, जलद की धिमी हे सांगतो, म्हणजे कुणाचा हात धरायची गरज नाही. आपल्याकडे एकटा जेवणारा माणूस दिसला की लोक चौकशी करतात. मुंबईत त्याची कुणी दखलही घेत नाही, आणि प्रवाशाला ही केवढी मोकळीक आहे!

वऱ्हाडच्या माणसाला तर या शहरात पाहण्यासारखं आणखी एक आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्या कापसाकडे धाव घेतली. मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच भाव कोसळले, अनेक पेढ्या बुडाल्या, पण त्या पैशाच्या खुणा राहिल्या. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि १८७८ साली पुरा झाला. १८६७ मध्ये बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली ती या काळ्या मातीतला कापूस बंदरावर नेण्यासाठीच. आजही अमरावतीची गाडी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर सोडते, आणि ती इमारत स्वतःच जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथून पायी हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्या आणि ओव्हल मैदान. मैदानाच्या एका अंगाला गॉथिक कमानी, दुसऱ्या अंगाला विसाव्या शतकातली गोलसर सज्जांची घरं. दोन्ही मिळून २०१८ साली त्याच यादीत गेली. मग हार्बर लाइनने कॉटन ग्रीन. स्टेशनाचं नावच कापसाच्या बाजाराचं आहे. ही वाट चारजणांच्या घोळक्यात होत नाही. एकाला भूक लागते, दुसऱ्याला खरेदी करायची असते आणि गाडीवाला घाई करतो. एकटा माणूस कमानीखाली अर्धा तास उभा राहू शकतो. अडलं की त्याला अनोळखी माणसाला विचारावं लागतं, आणि विचारल्यावर शहर बोलू लागतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो घरातून. “एकट्या पोरीले ममईले कसं धाडावं?” हा प्रश्न खोटा नाही. पण दररोज लाखो बायका या शहरात एकट्याच प्रवास करतात. लोकलला बायकांचे वेगळे डबे आहेत आणि १९९२ पासून केवळ बायकांसाठीची पूर्ण गाडीही धावते. रात्री उशिरापर्यंत फलाट आणि रस्ते जागे असतात. सुनसान रस्त्यापेक्षा गर्दीचा रस्ता बरा, हे आपल्यालाही कळतं. खरी अडचण मुक्कामाची आहे. स्वस्त आणि नीटनेटकी खोली मिळणं कठीण, आणि एकट्या बाईला खोली देताना काही लॉजवाले आजही का-कू करतात. हा दोष शहराचा आहे, तो मान्य केलाच पाहिजे. म्हणून मुक्काम आधी ठरवूनच निघावं, घरी पत्ता द्यावा, सकाळी आणि संध्याकाळी कचेऱ्या भरण्या-सुटण्याच्या वेळी लोकल टाळावी, आणि रेल्वेत अडचण आली तर १३९ हा क्रमांक ध्यानात ठेवावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कामावाचून मुंबई फिरणं ही चैन झाली, ती आमच्या ऐपतीची नाही, असं शेतकरी घरातला माणूस म्हणेल. पण काम पडतं तेव्हा ते कसं पडतं, याचाही विचार करावा. अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावच्या गाडगेबाबांना ते कळलं होतं. रुग्णांच्या नातेवाइकांचे रस्त्यावर होणारे हाल पाहून त्यांनी मुंबईत धर्मशाळा उभारल्या, आणि दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण उतरतात. आजारी माणूस सोबत असताना शहर शिकायला वेळ नसतो. दादरला मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर पूल ओलांडून जावं लागतं, टाटा आणि केईएम ही रुग्णालयं परळ स्टेशनच्या पूर्वेला येतात, धिमी लोकल परळला थांबते, एवढं ठाऊक असलेलं एक माणूस घरात असेल तर त्या घराची पहिली सकाळ फलाटावर चुकत-माकत जात नाही. हे माणूस विशीत, धडधाकट असताना, कुणाच्या सोबतीशिवाय चार दिवस मुंबईत फिरून आलेलं असलं तर फार बरं.