फ्रेममधलं घड्याळ



१६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाला दूरदर्शनने सिनेमा लावला होता. लोकांनी घरातच बसावं म्हणून. पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत, त्याच दूरदर्शनने ग्रहण थेट दाखवलं आणि शास्त्रज्ञ यशपाल ते उलगडून सांगत होते. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोगात एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांसाठी कार्यक्रम गेले, तेव्हा अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक हेच यशपाल होते. दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञान कार्यक्रमात प्रेक्षकांच्या प्रश्नांवर ते बोलायचे, तेही तयार उत्तर न फेकता, आपल्यासमोर विचार करत.

आम्हा विज्ञान कार्यक्रमांच्या निर्मात्यांनी नेमकं हेच सांभाळायचं असतं. निष्कर्ष कोणीही वाचून दाखवील. तो कळला कसा, हे दाखवायला आमची गरज.

साधा वाल घ्या. त्याला मोड येताना दाखवायचाय. दर पाच मिनिटांनी एक फ्रेम, म्हणजे दिवसाच्या २८८. आपल्याकडे टीव्हीवर सेकंदाला २५ फ्रेम धावतात. अख्खा दिवस साडेअकरा सेकंदांत संपतो. कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. खिडक्यांना काळा कागद. दिवा सतत एका बाजूने ठेवला तर कोंब तिकडेच वळतो, म्हणून तो फ्रेमपुरताच लावायचा. व्होल्टेज खाली-वर झालं की चित्र लुकलुकतं. रात्री कोणी सहज दार उघडलं, तर पडद्यावर वीज चमकल्यासारखं दिसतं आणि पुन्हा वाल भिजत घालावे लागतात!

एवढं करून एडिटला बसलं की संकलक म्हणतो, फ्रेमच्या कोपऱ्यात ठेवलेलं घड्याळ काढू या, देखणं दिसत नाही. मी काढू देत नाही. काटे गरगरताना दिसले तरच बघणाऱ्या मुलाला कळतं की वेळ आम्ही आवळलाय, वाल काही घाईत नाही. घड्याळाविना तो जादूचा खेळ होतो. अंतराळयानाच्या चित्राखाली ‘सूंऽऽ’ आवाज घालणाऱ्यांशीही माझं याच कारणावरून वाजतं. निर्वात पोकळीत कसला आलाय आवाज?

शास्त्रज्ञांच्या मुलाखतीतल्या छोट्या तुकड्यांचं, म्हणजे बाईटचंही तेच. ते बिचारे ‘साधारणपणे’, ‘आतापर्यंतच्या निरीक्षणांवरून’ असं जपून बोलतात. वाहिनीवाल्यांना ठाम वाक्य हवं असतं, आणि हे जपून वापरलेले शब्द कात्रीत चटकन सापडतात. ते गेले की वाक्य सुटसुटीत होतं, पण शास्त्रज्ञ जे म्हणालाच नाही ते त्याच्या तोंडी बसतं. म्हणून वेळ कमी पडला की मी आधी निवेदकाची प्रस्तावना उडवतो, मग प्रयोगशाळेच्या इमारतीचं बाहेरून घेतलेलं दृश्य, मग उद्घाटनाची फीत. तरीही वीस सेकंद जास्तच भरले, तर वाहिनीला फोन करून वीस सेकंद मागतो. कधी मिळतात, कधी नाही.