रंगीत काचांचा चष्मा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत. सेक्रेटरीबाईंनी विषय विचारला तेव्हा मी आधी लोणच्यांवर बोलेन म्हटले होते. पण दोन वर्षे एक गोष्ट मनाला खुपते आहे आणि ती आपल्याच हळदीकुंकवात घडली, म्हणून तीच सांगते.

आमच्या धाकटीला नवव्या वर्षापासून अर्धशिशी. वर्गात ट्यूबच्या खाली बसली की तासाभरात कपाळ धरायची. पुस्तकाचे पांढरे पान उन्हासारखे टोचते म्हणायची. एस.टी.त खिडकीशी बसली आणि माडांमधून ऊन-सावली, ऊन-सावली डोळ्यांवर येऊ लागली की ओकारी ठरलेली. भाट्याच्या पुळणीवर सगळी मुले शिंपले वेचायची, ही समुद्राकडे पाठ करून बसायची. मी काय केले? सहाणेवर सुंठ उगाळून लावली, दृष्ट काढली, आणि शेवटी अभ्यासाचा कंटाळा म्हणून दोन धपाटे घातले. सांगायला लाज वाटते, पण घातले. काळा गॉगलही आणून दिला. तो लावून ती दारे मिटून माजघरात बसे.

अखेर तिला कोल्हापुरास डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नंबर पाहिला, थेंब घालून आतला पडदा पाहिला. डोळे निरोगी. म्हणाले, "बाई, हिचे दुखणे डोळ्यांत नाही. उजेडाची वर्दी मेंदूत पोचते, तिथे दुखते." मला पटेना. तेव्हा त्यांनी सांगितले, की २०१० साली बोस्टनच्या संशोधकांनी अर्धशिशीच्या अंध माणसांची तपासणी केली. त्यांतल्या काहींना चित्र-आकार काही दिसत नव्हते, तरी उजेडात डोके जास्त दुखे! डोळ्यांत काही पेशी अशा असतात, की त्या चित्र दाखवत नाहीत, नुसता उजेड कळवतात, आणि निळसर उजेडाला त्या फार जाग्या. म्हणून गुलाबी छटेची काच. तिला एफएल-४१ म्हणतात. निळा-हिरवा उजेड ती बराच अडवते. इंग्लंडात बर्मिंगहॅमला १९९१ साली अर्धशिशीच्या मुलांना असे चष्मे दिले, तेव्हा महिन्याला सरासरी ६.२ वेळा उठणारे डोके चार महिन्यांनी १.६ वर आले. मुले थोडीच होती, हेही डॉक्टरांनी लपवले नाही. गॉगल मात्र त्यांनी घरात बंद करायला लावला. सदा अंधारात राहिले की डोळा अंधाराला सरावतो आणि मग साधा उजेडही बोचतो. म्हणजे मी मायेने केले तेही उलटेच!

चष्मा आला, जेवणाझोपेच्या वेळा सांभाळल्या, आणि चार-पाच वेळा उठणारे डोके महिन्यातून एकदोनदा उठू लागले. अभ्यासही होऊ लागला. मग काय, आमच्या तोंडाला कुलूप कुठले? त्या वर्षीच्या हळदीकुंकवात मी जिला तिला सांगितले, "गुलाबी चष्मा लावला आणि पोरगी वाचायला लागली."

आमच्या आळीतल्या एका वहिनींनी ते ऐकले. त्यांचा मुलगा पाचवीत, बोलायला चुणचुणीत, पण वाचायला बसला की 'म'चा 'भ' करी, ओळ गाळी, अक्षरे हलतात म्हणे. वहिनी त्याला घेऊन शहरातल्या एका दुकानात गेल्या. तिथे रंगारंगाच्या काचा डोळ्यांपुढे धरून निळी पसंत केली. त्या हंगामाच्या काजूबियांचे सारे पैसे त्यात गेले. आठ दिवस मुलगा खूश होता, नवी वस्तू ना. नंतर पुन्हा 'म'चा 'भ'. वर्ष फुकट गेले. पुढे शाळेतल्या एका बाईंनी सुचवल्यावरून तपासणी झाली, तेव्हा डिस्लेक्सिया निघाला. म्हणजे डोळा चांगला, बुद्धी चांगली, पण आवाज आणि अक्षर यांची गाठ मनात पक्की बसत नाही.

मग मी मुलीकडून शोधून, वाचून घेतले. १९८० साली न्यूझीलंडच्या ऑलिव्ह मिअर्स यांनी, आणि १९८३ साली कॅलिफोर्नियाच्या हेलन अर्लन यांनी मांडले, की काही मुलांना पांढऱ्या पानावरची अक्षरे थरथरतात आणि रंगीत काचेने ती स्थिर होतात. मुले खोटे सांगतात असे मी म्हणणार नाही. पण २००९ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून सांगितले, की अशा काचांनी वाचनाची अडचण दूर होते याला पुरेसा पुरावा नाही. त्या मुलाला अक्षर आणि आवाज यांची जोडी रोज थोडी थोडी, न कंटाळता शिकवावी लागते. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून हे काम करते. २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे, आणि दाखला असला की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. हा दाखला मागायला पुष्कळ आया लाजतात. ते मला मुळीच पटत नाही.

आणखी एक, ज्यांच्या घरी तान्हे आहे त्यांच्यासाठी. बाळाला उजेड सोसत नसेल, सारखे पाणी येत असेल, बुबुळ मोठे दिसत असेल, तर सुंठ नको, दृष्ट नको, चष्म्याचे दुकान नको. तो जन्मतःचा काचबिंदू असू शकतो. त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. जन्मतःच ज्यांचे केस-कातडी पांढरी असते, त्यांना मात्र उन्हात गडद काचा खरोखरच लागतात. त्यांना कोणी हसू नये.

आज बोलू का म्हणून वहिनींना आधी विचारले. "सांग हो, पण माझे नाव घालू नको," म्हणाल्या. चष्म्याचे अर्धे पैसे घेऊन मी त्यांच्याकडे गेले होते, ते त्यांनी घेतले नाहीत. मुलगा संध्याकाळी आमच्या पडवीत येतो. आमची मुलगी गुलाबी चष्मा लावून आणि तो बिनचष्म्याचा, ओळीखाली बोट धरून दोघे मोठ्याने वाचतात. परवा त्याने 'भरभर' हा शब्द न अडखळता वाचला. मी चुलीपाशी होते, तिथूनच ऐकला.

चहा निवतो आहे. एवढे बोलून आपली रजा घेते.