गिअर सुटतो तेव्हां

केळव्याच्या खाऱ्या वाऱ्यानें मोटारसायकलची साखळी गंजते. तो दोष कारखान्याच्या माथीं मारतां येत नाहीं. क्लचच्या झिजलेल्या चकत्याहि हमींतून बहुधा वगळलेल्या असतात. पण क्लचची तार नि साखळीचा ताण बरोबर असूनहि गिअर आपोआप सुटूं लागला, तर दोष पेटींतील चक्रांत किंवा त्यांना सरकविणाऱ्या कांट्यांत असूं शकतो. ‘चालवीत राहा, बसेल,’ हें उत्तर मुदत संपेपर्यंत ऐकत बसूं नये! कोणता गिअर, किती वेगाला, कितव्या किलोमीटरला सुटला, तें जॉबकार्डावर लिहवून प्रत घ्यावी. तरीहि टोलवाटोलवी झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें, तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत, राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागतां येते. गाडी मुंबईस घेतली असली तरी केळवेकरास मुंबई गांठावी लागत नाहीं.