नांवांची यादी

महाविद्यालयांत नवें मंडळ काढणें ही कांहीं मोठीशी अवघड गोष्ट नव्हे. वाङ्मयमंडळ असो कीं वादविवादमंडळ असो, चार उत्साही विद्यार्थी एकत्र येतात, नियमावली लिहितात, अध्यक्ष व चिटणीस निवडतात आणि सभासदांच्या नांवांची यादी जोडून अर्ज कचेरींत नेऊन देतात. यांत सर्वांत क्षुल्लक वाटणारी बाब म्हणजे ती यादी. परंतु समलिंगी विद्यार्थ्यांच्या संघांना हीच यादी भिंतीसारखी आडवी आली. त्यांच्या चळवळीचा इतिहास पुष्कळ अंशीं या यादीचाच इतिहास आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत रॉबर्ट मार्टिन नांवाचा एक विद्यार्थी शिकत होता. आपल्यासारख्यांचा एखादा संघ असावा, असें १९६६ सालीं त्यानें मनांत आणलें. तो स्वतः स्टीफन डोनाल्डसन या टोपणनांवानें वावरे. मग इतरांची अवस्था काय सांगावी? विद्यापीठाची मान्यता हवी असेल तर सभासदांचीं नांवें कळविणें भाग होतें. समलिंगी संबंध हा त्या राज्यांत तेव्हां गुन्हा होता आणि १९८० सालच्या न्यायनिर्णयापर्यंत तो गुन्हाच राहिला. यादी द्यावी तर तो कबुलीजबाब ठरावा. न द्यावी तर सभेला खोली नाहीं आणि फलकावर सूचना लावण्याची सोय नाहीं!

या पेचांतून डोनाल्डसननें काढलेली वाट मोठी मार्मिक होती. विद्यापीठांतील नामांकित विद्यार्थी-पुढाऱ्यांकडे जाऊन त्यानें त्यांना आपल्या संघाचे नाममात्र सभासद होण्याची विनंती केली. त्यांनीं आपलीं नांवें दिलीं. त्या नांवांच्या आड ज्यांना लपणें प्राप्त होतें, ते सुरक्षित राहिले. १९ एप्रिल १९६७ रोजीं विद्यापीठानें या संघाला मान्यता दिली. अमेरिकेंतील या जातीचा हा पहिलाच विद्यार्थी-संघ होय. ३ मे रोजीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें ही वार्ता पहिल्या पानावर छापली आणि जें कुजबुजण्याचीही चोरी होती, तें घरोघरीं वाचलें गेलें.

परंतु एका आवारांतील संघ म्हणजे एकाकी दिवा. त्याचें खरें बळ दुसरा दिवा लागल्यावर दिसूं लागलें. १९६८ सालीं कॉर्नेल विद्यापीठांत त्याच नांवाचा संघ निघाला. न्यूयॉर्क विद्यापीठांतही एक उभा राहिला. पुढें जून १९६९ मध्यें न्यूयॉर्कच्या ख्रिस्तोफर रस्त्यावरील स्टोनवॉल या पानगृहावर पोलिसांनीं धाड घातली आणि तेथील गिऱ्हाइकांनीं प्रथमच नेटानें प्रतिकार केला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत फिलाडेल्फिया येथें भरलेल्या परिषदेंत या घटनेच्या स्मरणार्थ दरवर्षीं मिरवणूक काढण्याचा ठराव आला. तो आणणाऱ्या चौघांपैकीं एलन ब्रॉइडी ही तरुणी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विद्यार्थी-संघांतील होती. २८ जून १९७० रोजीं ती मिरवणूक निघाली. तीन वर्षांपूर्वीं ज्यांना कागदावर नांव घालणें अशक्य होतें, त्यांच्यासारखीं माणसें आतां भर दिवसा राजरस्त्यानें चाललीं होतीं.

भारतांत हीच वाट अधिक बिकट होती. १८६० सालच्या दंडसंहितेचें ३७७ वें कलम अशा संबंधांस जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगत होतें. प्रौढांच्या खाजगी संमतीच्या संबंधांपुरती त्याची धार दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २००९ सालीं बोथट केली. परंतु ११ डिसेंबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. अशा लोकांची संख्या अत्यल्प आहे आणि दीडशें वर्षांत दोनशेंहून कमी लोकांवर खटले झाले, असें त्या निकालांत नमूद होतें. हिशेब वरकरणी सरळ दिसतो. परंतु जो कायदा माणसाला आपलें नांव सांगूं देत नाहीं, त्याच कायद्याच्या वहींत नांवें मोजावयाचीं, हा न्याय चमत्कारिक नव्हे काय?

याचें उत्तर देणाऱ्यांत विद्यार्थीही होते. मुंबईस पवई येथील आय. आय. टी. मध्यें ‘साथी’ हा गट २०११ सालीं सुरू झाला होता. देशांतील निरनिराळ्या आय. आय. टीं.चे आजीमाजी विद्यार्थी ‘प्रवृत्ति’ नांवाच्या गटांत एकमेकांना धरून होते. त्यांतील वीस जणांनीं २०१८ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयांत अर्ज गुजरला, आणि तोही स्वतःच्या नांवानिशीं! निकाल विरुद्ध गेला असता तर तीं वीस नांवें आईबापांच्या, मालकांच्या आणि पोलिसांच्या डोळ्यांपुढें कायमचीं उघडीं राहिलीं असतीं. नर्तक नवतेजसिंह जोहर व इतर यांचे अर्ज आधींच दाखल होते. त्या सर्वांची सुनावणी एकत्र होऊन ६ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींनीं एकमतानें प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यांतून मुक्त केले.

कायदा बदलला म्हणून सारेंच साधलें असें नव्हे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालांत समलिंगी विवाहास मान्यता मिळाली नाहीं. शिवाय वसतिगृहांत मोकळेपणानें वावरणारी मुलगी दिवाळीच्या सुट्टींत घराचा उंबरा ओलांडतांच पुन्हां मुकी होते, अशीं सुशिक्षित घरेंही थोडीं नाहींत.

अशा घरांनीं कोलंबियाची ती पहिली यादी आठवावी. त्या नाममात्र सभासदांना स्वतःसाठीं कांहींएक मिळवावयाचें नव्हतें. दुसऱ्याला निर्भयपणें बसतां यावें एवढ्यासाठींच त्यांनीं आपलें नांव उसनें दिलें. आईबापांना तर त्यासाठीं कचेरींत अर्जही करावा लागत नाहीं. मुलीनें हा विषय काढला असतां पानावरून उठून न जातां तिचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेतलें, तरी त्यांची सही झालीच.